कागदावर शिवलेली चिठ्ठी

सिंदेवाहीच्या स्टेशनावर माय मला सोडायला आली ती थेट भाताच्या रोवण्यातून. पोटऱ्यांपर्यंत बांधीतला चिखल, पातळ खोचलेलं. मी पुण्याला नोकरीला निघालेली. नवा ड्रेस, नवी बॅग. डब्यातले लोक बघताहेत म्हणून माझा जीव वरखाली. "पाय तरी धुऊन यायचं ना," मी करवादले. ती म्हणाली, "धुत बसली असती तं गाडी गेली असती. तुले पाहू का पायाले पाहू?" गाडी हलली आणि मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवलं. रडू दिसू नये म्हणून, असं आजवर सांगत आले. खरं म्हणजे मला लाज वाटली होती. गावातल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच लांब पांगलेल्या बायांनो, तुमच्यापाशी काय लपवायचं!

आता तिसऱ्या मजल्यावर माझा वन बीएचके आहे. पार्किंगवरून सोसायटीत भांडण्याइतकी मी पुणेकर झाले आहे. बाबा गेल्यापासून माय गावात एकटी. दर फोनला मी म्हणते, ये आणि इथेच राहा. तिचं उत्तर ठरलेलं: "तुह्या गॅलरीत माह्या कोंबड्या राह्यतीन का?" हसायचं आणि विषय मोडायचा. पत्र लिहावं तर तिला वाचता येत नाही. शेजारणीकडून वाचून घेतलं की गावभर डंका.

ऑफिसातल्या एका मुलीनं मला कागदावर शिवायला शिकवलं होतं. जाड कागदावर मागून पेन्सिलीनं चित्र काढायचं, खाली टॉवेलाची घडी ठेवून सुईनं भोकं पाडायची, मग त्यातून दोरा ओवायचा. भोकं फार जवळ पडली की कागद फाटतो, दोरा ओढला तरी फाटतो. माझे पहिले चार कागद असेच वाया गेले. वाढदिवसाची कार्डं करता करता एक दिवस डोक्यात आलं, माय उभा जन्म वाकळी शिवत आली आहे. तिला अक्षर येत नाही, पण टाका ती बोटानंही वाचते.

तीन रविवार बसून, कागदाची दुहेरी घडी करून, मी माझी बिल्डिंग शिवली, जिना शिवला, गॅलरी शिवली. दारात दोघी जणी, एक ड्रेसातली, एक पातळातली. पाकिटात घालून पाठवून दिलं आणि जीव मुठीत धरून बसले.

आठ दिवसांनी तिचा फोन. "पोरी, चिठ्ठी कुठी हाय?"

आमच्याकडे पूर्वी बाहेरगावचं पार्सल कापडात शिवूनच यायचं. उसवल्याशिवाय आतलं हाती लागायचं नाही. मायनं तेच केलं होतं. चष्मा लावून, अख्खी दुपार घालवून, एकेक टाका उसवला. वर मलाच कौतुकानं सांगते, "दोरा तोडला नाई बरं, रिळाले गुंडाळून ठेवला. पन आत तं काहीच नाई निघालं."

मी भडकले. "अवो माय, तीच चिठ्ठी होती! तीन रविवार घातले मी!"

ती हळूच म्हणाली, "मंग सांगाव लागत होतं ना, बाई. मले का मालूम?"

माझंच मला वाईट वाटलं. काय लिव्हलं होतं, तिनं विचारलं. मला सांगवेना. तोंडानं सांगितलं की ती पुन्हा कोंबड्या काढणार. म्हटलं, "भोकं आहेत ना, त्यांच्यावरून परत शिव. कळेल तुला."

रोवणा संपल्यावर माझा मावसभाऊ पुण्याला आला, त्याच्या हाती तिनं तो कागद वहीत घालून पाठवला. वाकळीच्या जाड सुईनं शिवलेला. दोन जागी फाटला होता, तिथं मागून भाताची शितं लावून कागदाचा तुकडा चिकटवला होता. बिल्डिंग होती, जिना होता. गॅलरीत तीन कोंबड्या होत्या, माझ्या चित्रात नसलेल्या! मी एकटीच मोठ्यानं हसले. आणि मग दाराकडे लक्ष गेलं. दारात मी एकटी उभी होते. शेजारी तिची भोकं, सगळी रिकामी.

लगेच फोन लावला. "माय, तुलेच काऊन नाई शिवलं?" पुण्यात कितीही वर्षं काढा, मायशी बोलताना जीभ गावाला जाते.

"मी तं अजून इथीच आहो ना," ती म्हणाली. "खोटं कसं शिवू?"

मी त्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं.

"भोकं राहू दे. कागदाची भोकं काही बुजत नाईत. येईन तवा मीच भरीन. तू नको शिवू."

वाईट वाटलं, फार वाटलं. पण पहिल्यांदाच तिनं 'येईन' म्हटलं होतं. तो कागद मी दाराच्या आतल्या भिंतीवर लावला आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की माझी आधी पंचाईत व्हायची. पुणे म्हणावं तर माय तिकडे, गाव म्हणावं तर मी इकडे. आता होत नाही. मायची जागा जिथं मोकळी आहे ते माझं घर. येणारे-जाणारे भिंतीकडे बघून विचारतात, हे अर्धवट का सोडलंय?

मी सांगते, सोडलेलं नाही. माझी माय यायची आहे.