पळून आलेल्या राजाचा पार्ट

आ-लानचं तोंड फार चालायचं, आणि त्या तोंडावरच तिच्या नाटकमंडळीचं पोट चालायचं. पूर्ण नाव चुआ सिओक-लान. सात मुलींच्या घरातून तिला लहानपणीच मंडळीत देऊन टाकलेली. खांदे रुंद, आवाज खर्जातला, म्हणून तिच्याकडे पुरुषपार्ट आले: सेनापती, राजपुत्र, राजा. गावोगावच्या बायका थिएटरच्या मागच्या दाराशी तिच्यासाठी संत्री घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या, आणि ती मिशी न उतरवता त्यांची चेष्टा करायची.

संवाद लिहिलेले नसायचेच. सकाळी पेज पिऊन झाली की मंडळीतले म्हातारे गुरुजी सगळ्यांना समोर बसवून त्या दिवसापुरती कथा सांगायचे. तू राजा, तू खानावळवाला, राजा लढाईत हरतो, नदी ओलांडून इथे येतो. एवढंच. पुढे स्टेजवर उभं राहिलं की ज्याने त्याने आपल्या अकलेने बोलायचं. आ-लानला हे मासळीला पोहणं जमावं तसं जमायचं. काय बोलणार हे तिला स्वतःलाही आधी ठाऊक नसे.

पण हे १९५१ साल होतं. चार वर्षांपूर्वी शहरांत सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या तेव्हापासून लोक रस्त्यावर हळू बोलत होते, या वर्षी घरातही हळू बोलू लागले. समुद्रापलीकडे लढाई हरून या बेटावर आलेलं सरकार आता इथेच होतं, आणि उद्या-परवा परत जाऊन गेलेलं राज्य जिंकणार असं भिंतीभिंतीवर रंगवलं होतं. खेळ सुरू होण्याआधी सगळ्या नटांनी मेकअपसकट रांगेत उभं राहून घोषणा द्यायच्या. थिएटरात मागच्या बाजूला एक खुर्ची पोलिसासाठी राखलेली असायची. दुसऱ्या एका मंडळीतला ढोलकीवाला चहा पिता पिता काहीतरी म्हणाला आणि गेला तो गेलाच. काय म्हणाला होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ताउखे गावात मंडळीचा मुक्काम होता. दुपारचा खेळ रंगला होता. पळून आलेला राजा म्हणजे आ-लान, आणि खानावळवाला म्हणजे सोंगाड्या आ-बोक. आ-बोकने पंख्याने डोकं खाजवत विचारलं, महाराज, मुक्काम किती दिवस? आ-लानच्या डोक्यात त्या क्षणी होता तिच्या बहिणीचा दीर. तो चार दिवसांसाठी म्हणून आला आणि वर्षभर बहिणीच्या घरी तळ ठोकून बसला होता. तिने झोकात बाही झटकली आणि म्हणाली,

"गेलेलं राज्य परत मिळालं की लगेच निघतो बघ. तोवर राहीन तुझ्या घरात, खाईन तुझ्या ताटात, आणि घर माझंच आहे म्हणेन."

लोक हसले. असे हसले की वर्षभराचं साठलेलं बाहेर पडतंय असं वाटावं. आणि मग ते हसू एकाएकी थांबलं. हळूहळू विरलं नाही, सगळ्यांनी एकदम गिळलं. त्या शांततेत आ-लानला आपण काय बोललो ते कळलं. मागच्या खुर्चीत हवालदार सुन बसला होता. तो समुद्रापलीकडचा, उत्तरेतल्या शांतुंगचा, सरकारबरोबर इथे आलेला; इथली भाषा त्याला येत नव्हती. लोक हसले म्हणून तोही हसला होता. आता तो मान वळवून शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत होता.

पुढचा प्रवेश तिने कसा केला ते तिला कधीच आठवलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मंडळीतल्या बायकांनी आपापले वाडगे उचलले आणि पलीकडच्या खोक्यांवर जाऊन बसल्या. त्यांचा तिच्यावर राग नव्हता, एवढं तिला समजत होतं. मालकाने फक्त विचारलं की तुझं सामान कुठे आहे. आ-बोक तेवढा जवळ आला, पण तोही स्वतःचं झाकायला.

"मी गुरुजींनी सांगितलं तेच विचारलं, आ-लान. मुक्काम किती, एवढंच. तू साक्षीदार आहेस."

"मी कुणाची साक्ष देणार? मलाच कुणी लागेल."

सकाळी पेज पिऊन व्हायच्या आत शिपाई आला. तिने जाडं जाकीट घातलं, उकाडा असूनही. कोठडीत फरशीवर झोपायला लागतं असं तिने ऐकलं होतं.

ठाण्यात सुन टेबलामागे होता आणि त्याच्या बाजूला दुभाषा म्हणून नगर कचेरीतले लिआउ कारकून. आधी जपानी राजवटीत शाळामास्तर होते, नव्या सरकारची भाषा घाईघाईने शिकून कारकून झालेले. आ-लानने त्यांना ओळखलं. काल तिसऱ्या रांगेत होते, आणि इतरांच्या बरोबरीने हसले होते. त्यांनीही तिला ओळखलंय हे तिला दिसलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणजे हा माणूस माझ्याइतकाच घाबरलाय, तिच्या मनात आलं, आणि तिला जास्तच भीती वाटली. घाबरलेला माणूस आपली कातडी आधी वाचवतो.

सुनने प्रश्न विचारला. लिआउंनी तिच्याकडे न बघता, कागद वाचावा तशा सपाट आवाजात तो इथल्या भाषेत सांगितला.

"काल राजा स्टेजवर काय म्हणाला, ते हवालदारसाहेब विचारतायत." आणि त्याच सुरात, मध्ये न थांबता, "राजाला भूक लागली होती. जेवणाबद्दल काय ते बोला. लांबलचक बोला, हातवारे करा."

आ-लानने दाराकडे पाहिलं. दाराशी एक इथलाच शिपाई उभा होता. त्याला हे कळलं असणार की नाही? हा सापळा असेल तर? खोटं बोलायला लावून मग खोटं बोललीस म्हणून धरायचं? खरं सांगावं तर ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं कसं? शिपाई भिंतीकडे बघत होता. बघतच राहिला.

ती उठली. राजाची चाल धरली. राजा तीन दिवसांचा उपाशी, खानावळवाल्याची कोंबडी भातासकट हादडतो, हाडं चोखतो, पुन्हा ताट पुढे करतो, ही कोंबडी संपल्याशिवाय मी हलत नाही म्हणतो. तिचे गुडघे लटपटत होते, ते उपाशी राजाचे म्हणून खपून गेले. लिआउ शेजारी उभं राहून भाषांतर करत होते. त्यांच्या तोंडचा एकही शब्द तिला समजत नव्हता. ते काय सांगतायत, देवी मात्सूला माहीत.

सुन हसला नाही. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग हलक्या आवाजात काहीतरी बोलला. लिआउ अडखळले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"ते विचारतायत, राजा शेवटी घरी पोचतो का?"

पोचतो म्हटलं तर थट्टा करते म्हणतील. पोचत नाही म्हटलं तर जीव जाईल. आ-लानने जे खरं होतं तेच सांगून टाकलं.

"आमचा खेळ दहा दिवस चालतो, साहेब. शेवट गुरुजींनी आम्हाला अजून सांगितलेला नाही."

सुनने ते ऐकलं. मग टोपी डोक्यावर चढवली आणि हुकूम दिला की उद्याच्या खेळात राजा घरी गेलाच पाहिजे, राज्य घेऊन, वाजतगाजत.

दुसऱ्या दिवशी राजा वाजतगाजत घरी गेला. उरलेले दिवस गुरुजींना दुसरी कथा काढावी लागली, त्याबद्दल ते मुक्काम संपेपर्यंत कुरकुरत होते.

आ-लान सुटली, पण तिची जीभ सुटली नाही. स्टेजवर उभं राहिलं की शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच तपासला जायचा. ती गुरुजींकडून एकेक वाक्य सकाळीच ठरवून घेऊ लागली, नाहीतर बोलायच्या जागी गाऊ लागली. संत्री घेऊन येणाऱ्या बायकांना ती नुसतं हसून निरोप द्यायची. कुत्रं भुंकलं की जाकिटाकडे हात जायचा.

शरदात मंडळी दक्षिणेकडे असताना कुणीतरी बातमी आणली की ताउखेच्या लिआउ कारकुनांना नेलं. कारण नाटकाचं नव्हतं. फार पूर्वी कुठल्याशा मित्रांबरोबर बसून पुस्तकं वाचली होती म्हणे. आ-लान त्या संध्याकाळी देवळात गेली, उदबत्ती लावली, डोळे मिटले. मागितलं काय, तर हा माणूस माझं नाव न घेवो. तो सुटू दे, हे तिला देवळाच्या पायऱ्या उतरताना सुचलं. परत वर जाऊन मागायची तिला लाज वाटली, आणि ती तशीच मुक्कामावर आली.

तिला न्यायला कुणी आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. मारहाण काय असते ते तिने ऐकलं होतं. त्या माणसाला तिचं नाव विचारलंच नाही, की विचारून मिळालं नाही, ते तिला कळायला मार्ग नव्हता.

वर्ष संपता संपता मंडळी पुन्हा ताउखेला आली. नववर्षासाठी तांदळाचा गोड केक वाफवला होता, त्यातला मोठा तुकडा केळीच्या पानात बांधून आ-लान एका दुपारी लिआउंच्या गल्लीत गेली. घरासमोर एक अनोळखी माणूस सायकलची साखळी बसवत होता. बसलेली साखळी त्याने पुन्हा काढली, आणि घराच्या दारावरची नजर हलवली नाही. आ-लान तशीच सरळ पुढे चालत गेली, उसाच्या शेतापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली. मुक्कामावर परत जावं असं फार वाटलं. पण ती मागच्या बाजूने, डुकरांच्या खोपटाला वळसा घालून परसदारी आली.

लिआउंची बायको कपडे पिळत होती. तिने नटीला ओळखलं असावं, कारण तिने आधी कुंपणापलीकडे नजर टाकली.

"वहिनी, तुमच्या यजमानांनी मला एकदा वाचवलं."

"तसं इथे बोलू नका," ती बाई म्हणाली. मग ओले हात पुसून तिने केळीचं पान घेतलं, नाकाशी नेलं. "आलं घातलंय का यात?"

"थोडंसं."

"त्यांना आवडतं. ते हिरव्या बेटावरच्या तुरुंगात आहेत. पार्सल पाठवता येतं, पण तिथे पोचेपर्यंत हे टिकणार नाही. मुलं खातील."

आ-लानने मान हलवली. लिआउंच्या बायकोने दार ओढून घेतलं, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

थिएटरवर पोचायला तिला उशीर झाला. घोषणांसाठी सगळे रांगेत उभे होते, मालकाने डोळे वटारले, आणि ती अर्धवट रंगवलेल्या तोंडानेच रांगेत शिरली. पुढे दोन वर्षांनी तिने नाटक सोडलं आणि कियायीच्या बाजारात कापडाच्या दुकानात लागली. लिआउ दहा वर्षांनी परत आले, असं तिने गिऱ्हाइकाकडून ऐकलं. भेटायला जावं असं तिच्या मनात पुष्कळदा आलं, पण ती गेली नाही. तेव्हाही सुटून आलेल्या माणसांवर पोलिसांची नजर असायची.