बारा कोरे दगड

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही खानापूरजवळच्या रेल्वे फाटकात अडकलो. पुढं ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर, मागं माणसांनी खच्चून भरलेली वडापची जीप. मारुतीनं गाडी बंद केली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघितलं. मागच्या सीटवर रिव्काबाई शांत बसल्या होत्या. माझी चूक कळून दोन तास झाले होते आणि त्या दोन तासांत त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नव्हता.

मी टूर गाईड आहे. घर निपाणीत. आधी बरीच वर्षं तंबाखूच्या वखारीत वजनं लिहायचो, तेव्हापासून सगळं मोजून वहीत टिपायची सवय लागली. मारुती कंग्राळीचा. स्वतःची गाडी चालवतो, टूर असली की आम्ही दोघं बरोबर असतो. आमची नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे शाळांच्या सहली आणि पुण्या-मुंबईचे निवृत्त लोक. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, मग हलशीची कदंबांच्या काळातली देवळं आणि अवशेष, वाटेत जेवण, संध्याकाळी परत. ही माझी ठरलेली डे टूर.

रिव्काबाईंची टूर त्याहून थोडी वेगळी होती. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेले ज्यू. हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. पुढं त्यांच्यातले पुष्कळ जण इंग्रजांच्या पलटणीत शिरले. पलटणी बेळगावच्या कॅम्पात असायच्या, त्यामुळं कॅम्पाच्या कडेला त्यांची एक लहानशी दफनभूमी आहे. रिव्काबाई सात वर्षांच्या असताना ठाण्याहून इस्राएलला गेल्या. आता त्रेसष्टच्या. मराठी अजून स्वच्छ बोलतात, फक्त जुनी. स्टेशनला त्या ‘ठेसन’ म्हणतात.

त्यांचे आजोबा, हवालदार एलियाहू, बेळगावात वारले. त्या वेळी रिव्काबाईंची आई सहा वर्षांची होती. ती आई आज नव्वदीत आहे आणि अंथरुणाला खिळलीय. तिला वडिलांच्या कबरीचा फोटो हवा होता. बाईंच्या हातात एकच दिवस होता, तो शुक्रवार. रविवारी सकाळी त्यांचं विमान.

टूरच्या आधी आम्ही जागा बघून येतो, त्याला रेकी म्हणतात. मी मंगळवारी दुपारी बाराला दफनभूमीत गेलो होतो. जमिनीलगत आडव्या टाकलेल्या दगडांच्या कबरी. एकूण एकेचाळीस. एकोणतीस वाचता आले: काही मराठी, काही इंग्रजी, काहींवर हिब्रू. उरलेल्या बारांवर मला काहीच दिसलं नाही. मी वहीत लिहिलं: ‘कोरे, १२.’ एकोणतिसात एलियाहू नव्हते. तसं मी बाईंना फोनवर कळवलंही. त्या म्हणाल्या, “तरीपण मी बघेन. आईला सांगायला हवं ना, की मी बघितलं.”

आता माझी चूक. कार्यक्रम लिहायला बसलो तेव्हा मी दफनभूमी आपोआप शेवटी टाकली. विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडं स्मशानातून आलं की सरळ घर गाठायचं, अंघोळ करायची. मधे कुठल्या देवळाची पायरी चढायची नाही. सुनंदानं, माझ्या बायकोनं, कागद बघून तेवढंच विचारलं, “मातीची जागा शेवटाला घातलीयसा न्हवं?” मारुती तर स्पष्टच बोलला, “अण्णा, तिकडनं आल्यावर हलशीच्या देवळात मी काय येणार न्हाय. आधी सांगतो.” सगळ्यांचं एकमत झालं, त्यामुळं मला ते बरोबरच वाटलं.

बाईंनी ईमेलमध्ये लिहिलं होतं की सूर्य मावळायच्या आत हॉटेलवर पोचवा. मला वाटलं, एकटं बाईमाणूस, परका गाव, अंधाराची काळजी असणार. गाडी दारात सोडणार म्हटल्यावर पंधरा-वीस मिनिटं इकडंतिकडं चालतील. मी दफनभूमीसमोर ‘साडेपाच ते सहा’ असं लिहून ठेवलं.

दुपारी सव्वादोनला हलशीत, देवळाच्या आवारात जेवण झाल्यावर, बाईंनी विचारलं, “आज सूर्य किती वाजता मावळतो?”

मी फोनमध्ये बघून सांगितलं, सहा वाजून एक मिनिट.

“मग आपण तिथून पाच तेहतीसला निघायला हवं.”

तेव्हा मला त्यांनी समजावलं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. मग शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत लिहायचं नाही, फोन वापरायचा नाही, फोटो काढायचा नाही, गाडीत बसायचं नाही. सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी घरातल्या बाईनं मेणबत्त्या लावायच्या, म्हणजे पाच त्रेचाळीसला. दफनभूमी ते हॉटेल मीच आठ-दहा मिनिटं धरली होती. गणित त्यांचं बरोबर होतं. माझ्या कागदाप्रमाणे त्यांना कबरीसाठी तीन मिनिटं मिळणार होती.

मी विचारलं, “दफनभूमी शेवटी आहे हे वाचून तुम्ही काही बोलला नाहीत?”

“मला वाटलं, दुपारी किल्ली मिळत नसेल. तुम्ही इथले. आम्हीपण तिथून बाहेर पडलो की हात धुतो, घरी जातो. मलासुद्धा ते शेवटीच बरं वाटलं. फक्त शुक्रवार होता.”

हलशीचे उरलेले दोन टप्पे मी रद्द केले. निघालो, तरी मधे एका गावाच्या बाजारात तासभर अडकलो, मग हे फाटक. मारुती खाली उतरून लांबवर बघून आला. त्यालाही आता सगळं कळलं होतं.

“अण्णा, माझ्यामुळं झालं व्हय हे?”

“तुझ्यामुळं न्हाय. कागद मी लिहिला.”

“लिहिला तुम्ही, पर अडून मी बसलो हुतो.”

मागून बाई म्हणाल्या, “भांडू नका रे. गाडी आली बघा.”

मालगाडी होती. डबे मोजले नाहीत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पाच वाजून आठ मिनिटांनी आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी पोचलो. पंचवीस मिनिटं हातात. राखणदारीण शेवंताक्का किल्ली घेऊन उभीच होती, मी वाटेतून फोन केला होता. मारुती सवयीनं फाटकाबाहेर थांबला. मी आत शिरलो आणि जागीच थांबलो.

मंगळवारी दुपारी मी जी जागा बघितली होती ती ही नव्हती, असं वाटलं. उन्हं तिरपी झाली होती, जमिनीला घासून येत होती. गवताच्या प्रत्येक काडीची सावली लांब पडली होती. आणि दगडांवर अक्षरं होती. ज्या दगडासमोर मी ‘कोरा’ लिहिलं होतं, त्यावर दोन ओळी सरळ दिसत होत्या. दुपारचं ऊन वरून पडतं, झिजलेल्या अक्षरांना सावलीच राहत नाही. ऊन आडवं आलं की खोलगट रेघेत सावली बसते आणि अक्षर उठतं. हलशीच्या शिलालेखापुढं उभा राहून मी हेच पर्यटकांना सांगत आलोय. इथं मात्र मी भर बाराला येऊन, न दिसलेलं ‘नाही’ म्हणून लिहून गेलो होतो.

मी वही काढली. बारा दगड कुठले ते मी ओळ आणि क्रमांक घालून लिहिलं होतं, ती सवय तेवढी कामाला आली. बाईंना म्हटलं, एकोणतीस सोडून द्या, फक्त हे बारा बघायचे. पहिला इंग्रजीत निघाला, एका मुलाचा. दुसरा हिब्रू, बाईंनी वाचून मान हलवली. तिसऱ्यावर शेवाळ होतं. मी हातानं घासायला लागलो तेवढ्यात मागून पाण्याची बाटली पुढं आली. मारुती आत आला होता, चपला फाटकाशी काढून.

“सरका. मी पुसतो, तुमी वाचा.”

मी सरकलो. तो दगडावर पाणी ओतून गळ्यातल्या टॉवेलनं पुसत पुढं सरकत होता, बाई वाकून वाचत होत्या, मी वहीत खूण करत होतो आणि दर दगडाला वेळ सांगत होतो. पाच एकोणीस. पाच तेवीस. शेवंताक्का कन्नड-मराठी मिसळून सांगत होती की इथं एक चिंच होती, ती पडल्याला लई वर्षं झाली. बाईंनी चटकन वर बघितलं.

“कुठे होती? आई सांगते, दफनाच्या वेळी चिंचेखाली बसवलं होतं तिला.”

आक्कानं भिंतीकडं हात केला. तिथं नववा दगड होता. त्याचा खालचा भाग मातीत गेलेला, वरचा उघडा. मारुतीनं पाणी ओतलं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागल्या, शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर सुटं करून.

“ह-वा-ल-दा-र. एलियाहू.”

पुढं पलटणीचं नाव होतं, ते त्यांनी वाचलं नाही. बोट परत नावावर नेलं. पाच अठ्ठावीस झाले होते. मला वेळ सांगायची होती, सांगितली नाही.

त्यांनी स्वतःच घड्याळ बघितलं, फोटो काढले, जवळचा एक लहान खडा उचलून दगडावर ठेवला. मारुतीनं विचारलं, फूल का नाही. त्या म्हणाल्या, “फूल सुकतं. खडा बघून कळतं, कुणीतरी येऊन गेलं.” मारुतीनंही एक खडा शोधून ठेवला.

मातीखाली अजून ओळी होत्या, वरच्या बाजूनं अर्धी वेलांटी दिसत होती. मी म्हटलं, दोन मिनिटं द्या, मी उकरतो. बाई उठल्या.

“नको. पाच तेहतीस.”

“तुमचं विमान रविवारी सकाळी आहे. मग कधी वाचणार?”

“जेवढं मिळालं तेवढं मिळालं. आजोबांनीसुद्धा हा नियम पाळला असेल.”

फाटकाशी शेवंताक्कानं तांब्यातून पाणी ओतलं. आधी बाईंनी हात धुतले, मग मारुतीनं, मग मी. पाच एकेचाळीसला त्या हॉटेलच्या जिन्यावर होत्या.

शनिवारी दुपारी मी निपाणीहून बस धरून परत बेळगावला आलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवंताक्काला विचारून, तिचंच खुरपं घेऊन, पाचच्या उन्हात मी दगडाचा खालचा भाग मोकळा केला. एक वीत माती निघाली. खाली तीन ओळी निघाल्या. मातीत असल्यामुळं त्या वरच्या ओळींपेक्षा ठसठशीत राहिल्या होत्या. मी फोटो काढला आणि हॉटेलच्या खालच्या बाकावर जाऊन बसलो.

अंधार पडल्यावर बऱ्याच वेळानं बाई खाली आल्या. मी फोन पुढं केला. दगडावर होतं: ‘हा दगड त्यांची पत्नी सारा व कन्या हन्ना, वय वर्षे सहा, यांनी बसविला.’

हन्ना म्हणजे त्यांची आई.

त्यांनी तो फोटो मोठा करून बघितला, लहान केला, परत मोठा केला. मी म्हटलं, आता लावा फोन आईला. त्यांनी मान हलवली.

“तिकडे इस्राएलात अजून दुपार आहे. तिचा शब्बाथ सुटायला दोन तास. ती फोन उचलणार नाही.” मग थोड्या हसल्या. “इतकी वर्षं थांबली. थांबेल.”

मला निपाणीची बस पकडायची होती, मी निघालो. घरी दारात सुनंदानं बादली काढून ठेवली होती. सलग दुसरा दिवस. ती म्हणाली, आता रोजच जाणार काय तिकडं.

रविवारी सकाळी विमानतळावरून बाईंचा मेसेज आला. लिहिलं होतं: ‘आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मला आठवतंच नाही, मी दगड कधी बसवला. तीन वेळा वाचायला लावलं. वय लिहिलंय तिथे दर वेळी थांबवते.’

नंतर मी आणि मारुती आणखी एका संध्याकाळी जाऊन उरलेले तीन दगड वाचून आलो. त्यातला एक खरंच कोरा निघाला. पाहुण्यांच्या फॉर्मवर मी आता एक प्रश्न वाढवलाय: कुठलं ठिकाण आधी बघायचं? ते उत्तर मी भरत नाही, त्यांनी भरायचं. आणि वहीत जिथं ‘कोरे, १२’ लिहिलं होतं, तिथं ते खोडून लिहिलंय: ‘दुपारी बाराला मला वाचता न आलेले, ११. कोरा, १.’