नारिंगी चोचीचा कलहंस

देऊळघाटची धम्मशीला ब्लाउज शिवायची. काचबिंदूनं डोळे जाऊ लागले तशी मशीन बंद पडली, पण धरणावर जाणं तिनं सोडलं नाही. बुलढाण्याच्या कॉलेजातल्या अनुपमा मॅडम दर हिवाळ्यात तिथं पक्षी मोजायला यायच्या. ब्लाउज शिवायला टाकता टाकता त्यांनीच तिला हा नाद लावला होता, आपली जुनी दुर्बीणही दिली होती. आता तिला नळीतून पाहिल्यासारखं, समोरचा तेवढाच तुकडा दिसायचा. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या पौषात एका सकाळी कलहंसांचा थवा काठच्या हरभऱ्यात चरत होता. एकेक पक्षी त्या तुकड्यात धरत ती पुढं सरकत होती. सगळ्यांच्या चोची गुलाबी. आणि मधेच एक नारिंगी! आपल्याकडे येतात ते पूर्वेकडचे, गुलाबी चोचीचे. नारिंगी चोचीची पश्चिमेकडची उपजात इकडे चुकूनच येते, हे मॅडमनी तिला पुस्तकात दाखवलं होतं.

खरंच नारिंगी आहे, की डोळे फसवताहेत? तिनं नवऱ्याला फोन लावला. "अवो, लवकर या धरणावर. तुमच्या फोननं फोटो काढा लागते."

चंद्रशेखर गाडी दामटत आला. "कोनता वं? मले तर समदे एकसारखेच दिसून राह्यले."

तिनं दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली. "बाभळीच्या समोरचा. चोच पाहा. मी म्हनते म्हनून हो म्हनू नका."

"सापडला. मान खाली हाय त्याची. थांब..."

तेवढ्यात मासे धरणाऱ्या कुणाचा तरी तराफा वळणावरून पुढं आला आणि थवा उठला. धम्मशीला चिखलातून धावत सुटली. चप्पल रुतली, ती गुडघ्यावर आपटली. थव्याचा आवाज दूर दूर गेला.

"पाह्यली का चोच?"

चंद्रशेखर तिला उठवत म्हणाला, "नाही."

"खोटं तरी बोलाचं होतं!" ती ओरडली आणि ढसाढसा रडली.

मग रोज सकाळी दोघं गेली. थवा यायचा, पण तो पक्षी सापडला नाही. मॅडमही येऊन दिवसभर बसल्या. निघताना तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं असेल हो. पण फोटो नाही, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. नोंद कशी करू?"

"माह्या डोळ्याईवर तुमचा भरोसा नाही, मॅडम," ती म्हणाली. "माहाही नाही."

पावसाळा सरेपर्यंत तिची नजर गेलीच; आता उजेड-अंधार तेवढा कळायचा.

पुढच्या हिवाळ्यात चंद्रशेखर तिला धरणावर घेऊन गेला. दुर्बीण आता त्याच्या गळ्यात होती.

"गुलाबी," तो सांगत होता. "हाही गुलाबी. याची दिसत नाही... गुलाबीच हाय."

ती त्याची बाही घट्ट धरून बसली होती. "अजून किती राह्यले?"

"लय."

"मंग पाहा ना."