गाठ विरघळू दे

ज्या गोष्टीसाठी मी चंद्रपूरच्या महाकालीपुढे अर्धं आयुष्य पदर पसरला, ती मिळाल्यावर वर्षभरातच माझा तिच्यावरचा विश्वास डळमळला, हे आधीच कबूल करते. मुंबईला ऑपरेशन करून मी बाई होऊन गोंडपिपरीला परतले आणि शिवणाचं मशीन पुन्हा सुरू केलं. गावानं चार दिवस नाकं मुरडली, पाचव्या दिवशी ब्लाउजची कापडं घेऊन दारात आलं. सगळं रांगेला लागत होतं, तेवढ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. ओटीपोट दुखायला लागलं.

दुसऱ्या गावातल्या एका लहानशा सोनोग्राफी केंद्रात मी गेले. कागदावर कुणी न विचारता 'स्त्री' लिहिलं, तेव्हा दुखणं विसरून मी मनातल्या मनात फुलले. पोटावर यंत्र फिरवता फिरवता डॉक्टरांनी विचारलं, "गर्भाशय दिसत नाही. काढलंय का?" खरं सांगायची वेळ तीच होती. पण आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसानं मला सरळ बाई धरलं होतं, ते माझ्याच तोंडानं मोडायचं जिवावर आलं. मी "हो" म्हणाले. रिपोर्टमध्ये आलं की मूत्राशयाखाली गाठ आहे, मोठ्या ठिकाणी दाखवा, बहुतेक काढावी लागेल.

माझं अवसानच गेलं. ऑपरेशन बिघडलं, आता पुन्हा चिरफाड होणार, किंवा त्याहून वाईट काही असणार. देवीनं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं वाटून मला तिचा राग आला. आणि राग आला तरी जायचं तिच्याकडेच, दुसरं कोण होतं? मी नवस बोलले, "आई, गाठ विरघळू दे. तोवर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही." तेही चंद्रपूरच्या चैत्रात! जळजळ वाढतच गेली. मला वाटलं, देवी परीक्षा घेते आहे.

यात्रेच्या दिवसांत चंद्रपूरला गेले, पण देवळाआधी मोठ्या मशीनवर तपासणी करायची ठरवली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि यंत्र खाली ठेवलं. "मूत्राशय रिकामं आहे, काहीच नीट दिसत नाही. भरपूर पाणी प्या, लघवी जोरात लागली की या." मी बाहेर बाकावर येऊन बसले. पाणी प्यावं तर नवस मोडतो, न प्यावं तर तपासणी होत नाही.

शेजारी आरमोरीकडची एक म्हातारी ढिवरीण बसली होती, मुतखड्याच्या तपासणीसाठी आलेली. तिलाही पाणी पिऊन बसायला सांगितलं होतं. मांडीवर पाच लिटरचा डबा घेऊन ती नेटानं पीत होती. तिनं पेला भरून माझ्यापुढे धरला.

"घे वं बाई. काऊन नाई पीत?"

"नवस हाये मावशी. महाकालीचा."

"मी जलमभर पान्यात उभी राहून मासोया धरल्या," ती म्हणाली. "देवीनं पानी पिऊ नोको म्हनून मले कधी नाई सांगतलं. तुले कवा सांगतलं?"

तिच्या आवाजात उपदेश नव्हता, नुसती चौकशी होती, आणि त्या चौकशीनंच माझा बांध फुटला. गाठीचं सांगितलं, मग गर्भाशयाबद्दल डॉक्टरांशी खोटं बोलले ते सांगितलं, मग माझा जन्म मुलगा म्हणून झाला तेही. आता ही बाकावरून सरकणार म्हणून मी खाली मान घातली. ती म्हणाली, "मले सांगून काय उपेग? मी का डाक्टर हाये? आत जाऊन सांग. पयले पानी पी."

मी पेला घेतला. एक, दोन, चार पेले. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्याले नाही.

दुसऱ्यांदा आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं. त्या चक्क हसल्या. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ही गाठ नाही. ही प्रोस्टेट ग्रंथी आहे. तुमच्या ऑपरेशनमध्ये ती काढत नाहीत, जागेवरच ठेवतात. हे पाहा, नवा मार्ग सरळ आहे, कुठे पू नाही, कुठे पाणी साचलेलं नाही. ज्यानं काम केलंय, छान केलंय. जळजळ लघवीतल्या जंतूंची असावी, त्यासाठी गोळ्या मिळतील. आणि पाणी पीत जा हो!"

बाहेर आले तर म्हातारीचा नंबर लागून ती दुसऱ्या खोलीत गेलेली. मी बराच वेळ थांबले, तिची भेट झाली नाही. तिचं नावही मला माहीत नाही. तिला देवीनं धाडलं होतं का, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. मी तिचे उपकार मानते आणि देवीचेही मानते, दोन्हींत फरक करायची मला गरज वाटत नाही.

संध्याकाळी बायकांच्या रांगेतून महाकालीपुढे पोचले, भर उन्हात पाणी पिऊन, नवस मोडून. या वेळी काही मागितलं नाही. आजवर तिच्यापुढे मी उपास ठेवले, ओट्या ठेवल्या, पण स्वतःला कधी उघडं ठेवलं नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं नाव सांगितलं, मी ठेवलेलं सांगितलं, ऑपरेशन सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतंच. तरी मागच्या बाया "सरका वं, सरका" म्हणेपर्यंत मी सांगत राहिले, आणि ती ऐकत राहिली.