हॅड एकटं राहत न्हाई

हसनाबादेत अंगावर वीज पडलेला माणूस एखादवेळेस वाचेल. पण आमच्या मोठ्या साडूंसमोर ज्याचं इंग्रजी वाक्य चुकलं, त्याला वाचवणारा अजून जन्मलेला नाही. जन्मभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आता निवृत्तीनंतर ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तपासतात. मी पन्नाशीला आलो, दोन पोरांचा बाप झालो, तरी त्यांच्या फाटकाशी पोचलो की माझी जीभ टाळूला चिकटते. याचं मूळ माझ्या लग्नात आहे. त्यांनी भावंडांची चौकशी केली आणि मी नवरदेवाच्या रुबाबात म्हणालो, "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." साडूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खाऊन राह्यले का त्यायला? मंग हात धुऊन या आधी." आम्ही करून राह्यलो, जाऊन राह्यलो म्हणणारी माणसं, इंग्रजीतही क्रियापदाला 'इंग' लावल्याबिगर आम्हाला चैन पडत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर माझे दोन्ही सख्खे भाऊ सासरवाडीत 'खाल्लेले' म्हणून प्रसिद्ध झाले होते.

गावातल्या इंग्लिश स्कूलच्या रस्त्याकडच्या सूचना-फळ्यावर एकदा 'डिस्कस अबाउट' लिहिलेलं दिसलं, तर यांनी जिभेला बोट लावून 'अबाउट' तेवढं पुसून टाकलं. तिथला शिपाई अजूनही फळा लिहिताना आधी रस्त्याकडं बघून घेतो. पोटच्या पोरीलाही सूट नव्हती. ती पुण्याला नोकरीला निघाली, तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभं राहून यांनी बजावलं, "बापाला मेसेज इंग्रजीतच करायचा. हात बसतो." पण खरं वैर 'हॅड'शी. आपल्या आल्तो-गेल्तोचं पोरं सरळ 'हॅड कम', 'हॅड गॉन' करून टाकतात. मग साडू गरजत, "हॅड एकटं राहत न्हाई! आधी हे झाल्तं, मंग ते झालं. ते दुसरं कुठंय? दाखव!" नाही दाखवता आलं, की पट्टी.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांच्याच ओसरीवर होतो. पोरीचा मेसेज आला. साडूंनी वाचला आणि चेहराच उतरला त्यांचा. 'आय हॅड गॉन टू हॉस्पिटल.' बस, एवढंच. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद.

"आधी दवाखान्यात गेल्ती," ते पुटपुटले, "मंग काय झालं?"

अक्का, म्हणजे त्यांची बायको नि माझी मोठी मेहुणी, आतून म्हणाली, "गेल्ती म्हंजे गेल्ती. त्यात कशाचं आलं मंग?"

"अगं, हॅड हाय त्यात! त्याच्या पुढं काहीतरी झालेलं असतंय. ते का न्हाई लिहिलं तिनं?"

अक्का दारात येऊन उभी राहिली. खरं सांगतो, व्याकरणानं इतका घाम मला परीक्षेतसुद्धा फुटला नव्हता. धीर करून म्हणालो, "दादा, चूक असंल ओ. आपलं 'गेल्ते'च उतरवलं असंल तिनं जसंच्या तसं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडं आशेनं बघत होते. "चूकच ना? बिलकुल?" मग आवाज खाली गेला. "शाळेत करायची ती ही चूक. मारल्तं मी तिला त्यापायी." त्यांनी डोळे मिटले आणि जन्मभर मार्क कापलेल्या त्या माणसानं हात जोडले. "देवा, चुकलेली असू दे पोरगी."

तासाभरानं पोरीचाच फोन आला. मैत्रिणीचा पाय मोडला होता, तिला घेऊन गेली होती, मधेच बॅटरी संपली. "गेल्ते बाबा, आले बी परत. का हो?"

साडू म्हणाले, "बाई, मेसेज मराठीत करत जाय."

"मराठी टाइप करायला येळ लागतो बाबा."

"लागू दे."

पोरगी मात्र इंग्रजीतच लिहिते. बापानंच लावलेली सवय. आता तिचं इंग्रजी पुष्कळ सुधारलंय. साडू मेसेज दोनदा वाचतात, बारकाईनं, ओळीवर बोट ठेवून. एखादी तरी चूक निघावी असं वाटत असतं, पण कुठंच सापडत नाही. "बराबर हाय," म्हणतात, आणि फोन मांडीवर पालथा घालून फाटकाकडं बघत बसतात.