कानडी गुम्मा

धारवाड स्टेशनावर मिरजेची गाडी लागली आणि माझी तीन वर्षांची वसू तुझ्या कमरेला विळखा घालून उभी राहिली, अक्का. काही केल्या डब्यात चढेना. शेवटी आईने इंजिनाकडे बोट दाखवले. "गुम्मा बंदा, नोड." गुम्मा आला, बघ. वसूचा टाहो तिथेच थांबला आणि तिने माझ्याकडे झेप घेतली. आम्ही गाव सोडले ते असे.

आपल्या घरी जेवण, पूजा, भांडण सारे मराठीत चाले. भीती तेवढी कानडीत होती. हे मला पुण्यात आल्यावर कळले. शेजारच्या काकूंनी माझ्या तोंडून गुम्मा ऐकला आणि गोड शब्दांत समजावले की मुलीचे कान आतापासून बिघडवू नयेत, इकडे बागुलबुवा म्हणतात. यांनाही ते पटले. मी बागुलबुवा म्हणू लागले. वसू विचारी, त्याला दाढी आहे का, तो चहा घेतो का. घाबरत मात्र नसे. ज्याला मीच कधी भ्याले नव्हते, त्याच्या नावाने मूल कसे भ्यावे? रोज दूध निवून जाई, आणि आपला संताप कोणत्या भाषेत काढावा हेच मला सुचत नसे.

काही वर्षांनी आई प्रथमच पुण्याला आली, चांगली महिनाभर राहण्याच्या बेताने. वसूला ताटावर बसवताना तिने सवयीने गुम्माला हाक मारली. वसू शाळेतल्या बाईंच्या स्वरात म्हणाली, "आजी, असं अशुद्ध नाही बोलायचं. बागुलबुवा म्हणतात."

"बरं गं बाई," आई हसली. "तुमचा बागुलबुवा शिकलेला दिसतोय. आमचा गुम्मा कन्नड शाळेतसुद्धा गेला नाही."

सगळे हसले. पण त्यानंतर आई शब्द चाचपून बोलू लागली. 'हौदु' म्हणता म्हणता थबके आणि 'हो' करी. एकदा मला हळूच म्हणाली, "तुझ्या घरी बोलायचं म्हणजे परक्याची पैठणी नेसून वावरल्यासारखं होतंय बघ. कुठं डाग पडेल कळत नाही." दुसऱ्याच आठवड्यात ती परतली. तुमच्या आईंचे मराठी किती सुधारले, असे काकू कौतुकाने म्हणाल्या. मी नुसती मान हलवली. आजही ती मान मला अवघडल्यासारखी वाटते.

पोहोचल्याच्या संध्याकाळी आई तुझ्या स्वयंपाकघरात तासभर न थांबता बोलत होती, असे तू कळवलेस. ते बोलणे माझ्या वाट्याचे होते, अक्का. आई जिथे हवे तसे अशुद्ध बोलू शकते, त्या जागेला मी घर म्हणते. आणि इथे पुण्यात माझ्या दारावर नुसती माझ्याच नावाची पाटी आहे.