मैना परत येताना

नागपूरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या सीटखाली एक खोगीर होतं. गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीने आवळून बांधलेलं, तरी त्याचं एक टोक बाहेर डोकावत होतंच. समोरच्या गृहस्थांनी गोंदियापर्यंत कळ काढली. पुढे त्यांना राहवेना.

"बहनजी, ये क्या है?"

"घोड्याचं खोगीर."

"और घोडा?"

"तो आणायलाच चाललेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर तोंड केलं ते डोंगरगडच्या डोंगरावरचं देऊळ दिसेपर्यंत. त्यांचं काय चुकलं म्हणा! आमच्या घरीही तेच झालं होतं. "हे काय घोडा घ्यायचं वय आहे?" असं आमच्या ह्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, कोणत्या वयात घ्यायचा होता? तेव्हा तर तुम्ही स्कूटर घेतलीत." त्यावर ते बागेत निघून गेले. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. उत्तर सुचलं नाही की ते झाडांना पाणी द्यायला जातात.

खोगीर माझ्या वडिलांचं. ते गुरांचे सरकारी डॉक्टर होते, आणि रस्ते नव्हते त्या गावांना तारा नावाच्या घोडीवरून जात. मी चालायला आणि घोड्यावर बसायला साधारण एकदमच शिकले असं आई सांगायची. पुढे लग्न, शाळेतली नोकरी, दोन मुलं. घोड्याचा विषय संपला तो संपलाच. मागच्या वर्षी चिखलदऱ्याला नातवाची हौस म्हणून त्याला पुढे घेऊन एका घोड्यावर बसले. पाच मिनिटांची फेरी. फेरी संपली, नातू उतरला, आणि मला उतरवेना. डोळे भरून आले होते. घोडेवाला घाबरून म्हणाला, "ताई, लागलं का काही?" लागलंच होतं, पण त्याला काय सांगणार?

तेव्हापासून मी घोडी शोधत होते. आणि पौष लागता लागता रायपूरहून माझ्या मामेबहिणीचा, वंदनाचा फोन आला. "एक पांढरी घोडी आहे. मालकीण आपलीच आहे, मराठी. पण लवकर ये, तिच्यावर बँडवाल्याचा डोळा आहे."

रायपूरला उतरले तेव्हा दुपारचं ऊन कोवळंच होतं. वंदना शंकर नगरला राहते, राजधानीच्या एका कचेरीत नोकरी करते. तिने घरी नेऊन आधी फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वरून तीळ आणि मिरचीची फोडणी) पुढे ठेवला. मी चार खाल्ले, मग लाज सोडून आणखी चार. तिची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. "मावशी, आप सच में घोडी लोगे? रखोगे कहाँ?" तिने विचारलं. संत्र्याच्या बागेत गोठा आहे म्हटल्यावर ती खूश झाली. या सगळ्या प्रवासात मला खुळी न ठरवणारी ती पहिली.

संध्याकाळी आम्ही पुरानी बस्तीत गेलो. देवळांच्या घंटा, अरुंद गल्ल्या, दारादारांत वाळत घातलेल्या वड्या. विचारत विचारत एका पाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती) शिरलो. एका निळ्या दारात, दोन्ही गुडघ्यांना गरम कपडा गुंडाळून, एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या. याच कुंदाताई. त्यांचं माहेर भंडाऱ्याचं. नवरा रेल्वेत होता. निवृत्त झाल्यावर त्याने हौसेने घोडी घेतली आणि वरातींना द्यायला लागला. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता घोडी विकणार. हिने काय केलं, तर पदर खोचला आणि स्वतः लगाम धरून वरातीत चालायला लागली. नवरदेव वर, पुढे बँड, आणि बाजूला नऊवारीतली ही. लोक नवरदेव सोडून हिलाच पाहत म्हणे.

"बसता येते का तुले?" त्यांनी या-बसा म्हणायच्या आधी विचारलं.

"यायचं," मी म्हणाले.

"यायचं म्हणजे कवा?"

"लग्नाआधी."

त्या मनसोक्त हसल्या. मग म्हणाल्या, "मले बी पळता येत होतं लग्नाआधी. आता पाय हे." आणि गुडघ्यांवर हात आपटला. "चालणं होत नाई आता. पोरगं पुण्याले आहे, ते म्हणून राहिलं, विकून टाक अन् इकडे ये. बँडवाला संक्रांत झाली की येईन म्हणाला. त्याच्याकडे गेली तर मरेपर्यंत नाचत राहील बिचारी. मले तिले तिथे द्यायची नाई. पण शोभेले बांधून ठेवणारीलेही द्यायची नाई. उद्या ये, बसून दाखव. व्यवहाराचं मंग बोलू."

"आणि नाही बसता आलं तर?"

"तर फरा खाऊन घरी जा."

रात्री मला झोप लागली ती तुकड्यातुकड्यांची. त्यात तारा होती, वडील होते, आणि मी सारखी एक पाय उचलून उभी होते.

पौषात लग्नं नसतात, म्हणून मैना (हे घोडीचं नाव) नवा रायपूरच्या कडेला एका गावात, कुंदाताईंच्या ओळखीच्या गोठ्यात ठेवलेली होती. तिथे गवत भरपूर. दुसऱ्या दिवशी उजाडताना कुंदाताईंना घेऊन वंदनाच्या गाडीतून आम्ही तिघी निघालो. जुनं शहर मागे पडलं आणि धुक्यात एक दुसरंच शहर सुरू झालं. काय ते रस्ते! ऐसपैस, गुळगुळीत, दुतर्फा झाडं, दिवे अजून जळत होते, आणि रस्त्यावर माणूस नाही. सिग्नल लाल झाला, वंदना थांबली. आमच्या मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आडवंही कोणी नाही. हिरवा झाला, निघालो. मोठमोठ्या इमारती धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या. मधेच एखादं तळं, त्यात कमळाची पानं, काठावर अंघोळ करून कपडे पिळणारा एकच म्हातारा. सगळं शहर आवरून, सडा घालून बसलं होतं आणि पाहुणे यायचे होते. मला ते फार आवडलं. इथे आपल्याला पाहायला कोणी नाही, हा विचार त्या सकाळी मोठा धीराचा होता.

मैना गोठ्याबाहेर उभी होती. पांढरी, पण धुक्यापुढे जरा पिवळसर. कपाळावरची आयाळ कोणीतरी वेणी घालून बांधली होती. मी जवळ गेले. तिने माझा हात हुंगला, मग खांदा, मग मानेपाशी एक ऊन श्वास सोडला. तो वास! गवत, घाम, चामडं. तेहेतीस-चौतीस वर्षं कुठे गेली कोण जाणे. मी तिच्या मानेवर डोकं टेकलं आणि वडिलांची फार आठवण आली. कुंदाताईंनी माझ्या ओंजळीत भिजवलेली चण्याची डाळ ठेवली. "दे तिले. वरातीत नवरदेवाची बहीण देते. तू कोणाची बहीण का नसना, दे."

खोगीर तिला बसलं. मला मात्र चढता येईना. रिकिबीत पाय घातला, उडी मारली, आणि सलवार गुडघ्यापासून वरपर्यंत टर्रकन फाटली. वंदना हसून हसून गाडीला टेकली. शेवटी रस्त्याकडेच्या बस थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकड्यावर उभी राहिले, वंदनाने मागून रेटलं, आणि एकदाची मी वर जाऊन बसले. कमरेला शाल गुंडाळलेली, पायात शाळेत घालायचे जुने बूट. असा थाट!

"एक ध्यानात ठेव," कुंदाताई म्हणाल्या. "ती थोडी चालते अन् थांबते. लोक नाचतात ना वरातीत, तशी सवय हाय. टाच मारू नको. थांबू दे. मनातलं नाचणं झालं की आपोआप चालते."

आणि खरंच. मैना चालायची, थांबायची, मान डोलवायची. नसलेल्या बँडवर पुढचे पाय जागच्या जागी दोनदा आपटायची, मग चालायची. त्या रिकाम्या राजरस्त्यावर आमची दोघींचीच वरात निघाली होती. आधी माझ्या मांड्या कापत होत्या, पाठ ताठ झाली होती. चौथ्या-पाचव्या थांब्यानंतर कमरेला आपसूक आठवलं. लगाम बोटांत हलका झाला. मी मोठ्याने हसले आणि माझंच हसू धुक्यात लांबवर गेलं. डावीकडे कापलेल्या धानाच्या शेतांत हरभऱ्याची कोवळी रोपं दवाने भिजली होती. मी कुठे आहे, किती वर्षांची आहे, घरी संध्याकाळी काय करायचं आहे, हे सगळं माझ्या मागे राहून गेलं.

रस्त्याच्या शेवटी एका बागेची मोठी कमान होती. आत काही नव्हतं, नुसती लावलेली रोपं. मैना कमानीसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, नेहमीचा थांबा. पण मनातलं नाचणं संपेना. मी तिला वळवलं, ती वळली, आणि पुन्हा खिळली. चुचकारलं, मानेवर थोपटलं, "चल गं बाई" म्हणून विनवलं. कान मागे वळवून ती नुसती वाट पाहत होती.

शेवटी त्या लांब सरळ रस्त्यावर, धुक्यातून, शाल पांघरलेली एक आकृती डुलत डुलत येताना दिसली. कुंदाताई तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी चालत येत होत्या. यायला त्यांना फार वेळ लागला.

"अगं उतर," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कमान दिसली की तिले लग्नाचं दार वाटते. नवरदेव दारात उतरला की तिचं काम संपलं. परत येताना तिच्या पाठीवर कोणी बसतच नाई. आजवर कोणी बसलंच नाई. मी आपली लगाम धरून पायी घेऊन येतो तिले. ती रिकामी, मी बी रिकामी. उतर."

मी उतरायला रिकिबीतला पाय सैल केलासुद्धा. आणि एकदम आठवलं. मीही लग्नाच्या दारातच उतरले होते. हळदीच्या आदल्या दिवशी ताराला गोठ्यात बांधलं, तिच्या कपाळावर हात फिरवला. त्यानंतर मला कोणी परत बस म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. आज इथे उतरले, तर आजूबाजूला चढायला बाकडं नव्हतं. बाकडं असतं तरी माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

"कुंदाताई, मी नाही उतरणार," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता, झाला तर झाला. "लागेल तितका वेळ लागू दे. दुपार होऊ दे. पण मला हिच्यावरूनच परत यायचंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढे आल्या, मैनेच्या तोंडाजवळचा लगाम धरला आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "चल बाई, घरी." हे रोजचं होतं. किती वरातींनंतर असंच म्हटलं असेल. मैनेने एक पाऊल टाकलं. मग तिला पाठीवरचं ओझं जाणवलं असावं, कारण तिने मान वळवून माझ्या बुटाला नाक लावलं. मग दुसरं पाऊल टाकलं.

आम्ही तशा निघालो. कुंदाताई लंगडत, मैना त्यांच्या चालीने, मी वर. मैना एकदाही थांबली नाही. ऊन वर येत होतं आणि धुकं रस्त्यावरून उठून झाडांत चाललं होतं. कुंदाताई चालता चालता नवऱ्याबद्दल सांगत होत्या. तो घोडीशी बोलायचा, हिच्याशी कमी बोलायचा. मी ऐकत होते. नंतर आवाज थांबला, मला वाटलं दमल्या असतील. मैनेच्या कानांमधून मला बस थांबा दिसायला लागला, बाकड्यावर बसलेली वंदना दिसली. काहीतरी सांगायला मी खाली पाहिलं, तर बाजूला कोणी नव्हतं.

वळून पाहिलं. कुंदाताई बऱ्याच मागे, रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. लगाम त्यांनी कधी सोडला, मला कळलंच नव्हतं. त्यांचा तो हात अजून तसाच, मैनेच्या तोंडाच्या उंचीवर धरलेला होता. मी थांबायला लागले तशा त्या ओरडल्या, "थांबू नको! घेऊन जा तिले!"

व्यवहाराचं बोलणं चहा संपायच्या आत झालं. निघताना त्यांनी मैनेची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. मग गाडीत मागच्या सीटवर तोंड खिडकीकडे करून बसल्या त्या पुरानी बस्ती येईपर्यंत. वंदनाने रिकाम्या सिग्नलला गाडी थांबवली, हिरवा झाल्यावर निघाली.

मी रेल्वेने परत आले, मैना दोन दिवसांनी ट्रकमधून. ट्रक बागेच्या फाटकाशी आला तेव्हा आमचे हे ताटलीत भिजवलेली चण्याची डाळ घेऊन उभे होते. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, "वंदनाचा फोन आला होता," आणि झाडांना पाणी द्यायला गेले.

आता रोज सकाळी आम्ही दोघी कालव्यापर्यंत जातो. वळलं की मैना अजून थांबते. मी टाच मारत नाही, उतरतही नाही. कालव्याचं पाणी बघत बसते. कधी लवकर, कधी उशिरा, पण तिचं ती पाऊल टाकते.

कुंदाताई आता पुण्याला मुलाकडे असतात. दर रविवारी त्यांचा फोन येतो. पाऊसपाणी विचारत नाहीत, संत्र्यांचं विचारत नाहीत. एकच विचारतात, "आली का आज बसून परत?"

"हव," मी त्यांच्या रायपूरच्या बोलीत सांगते. हव म्हणजे हो. "बसूनच आले."